साहेबांनी ओळखलेला कागद

दशांशाची गणितं झटपट करणारा एक प्रोग्रॅम दहा वर्षं अडगळीत पडला होता. चारुलता बोंद्रेनं वर्षभर खपून तो पुन्हा चालता केला. आता रोजच्या वापरातल्या जुन्या प्रोग्रॅमच्या जागी तो घ्यायचा की नाही, हे विभागप्रमुख राजाध्यक्षांच्या हाती होतं.

"घाईचं गणित मला नुसत्या नजरेनं कळतं," ते गुरगुरले. "जुन्या प्रोग्रॅमचं उत्तर आणि तुझं, दोन्ही ठेव समोर."

चारुलतानं आकड्यांनी गच्च भरलेले दोन कागद टेबलावर ठेवले.

साहेबांनी चष्मा पुसला, बराच वेळ निरखलं आणि डावा कागद उचलला. "हा जुन्याचा. बघ, कसा भरवशाचा वाटतो! दुसरा फेकून दे."

"साहेब, दोन्ही माझ्याच प्रोग्रॅमचे आहेत," ती कशीबशी म्हणाली. "जुना सकाळपासून अजून मोजतोच आहे."