तुळाजीच्या पायातले कडे

शके अठराशे चार, माघ वद्य पंचमी. स्थळ उंबरदरे, भैरोबाच्या डोंगराच्या पायथ्याचे गाव. त्या दिवशी श्रीनिर्लेपनाथ महाराज तेथील नदीकाठच्या धर्मशाळेत उतरले आणि त्यांच्या दर्शनास गाव लोटला.

सर्वांत मागून, भिंतीचा आधार घेत, तुळाजी घुले आला. तो भैरोबाचा कावडकरी. चैत्र शुद्ध द्वादशीस नदीचे पाणी कावडीने डोंगरावर न्यायचे व देवास स्नान घालायचे, हा घुल्यांचा पिढीजात मान. त्या मानाची खूण म्हणून त्यांच्या उजव्या पायात लोखंडी कडे असे. बाप निवर्तला की लोहाराने ते उकलून मुलाच्या पायात ठोकायचे. जिवंतपणी कडे निघाले तर तो मनुष्य कावडीस मेला, असा गावचा दंडक होता.

गेल्या पावसाळ्यात तुळाजीचा पाय मुरगळला. घोट्यावरची सूज पुरती उतरली नाही आणि वडिलांच्या किडकिडीत पायावर बेतलेले कडे तेथेच रुतून बसले. प्रथम बोटांना मुंग्या आल्या. मग तळव्याची आग होऊ लागली. अंथरुणाला पाठ लागली की ती दुप्पट होई. अखेर तळवा बधिर झाला. जाणत्यांनी तळव्यास बिब्बा घातला. कातडे उतले, तरी तुळाजीस कळले नाही! तेव्हा भैरोबानेच पाय धरला असा निर्णय सर्वांनी करून टाकला. कड्याविषयी शंका घ्यावी, हे कोणाच्या स्वप्नातही आले नाही.

देवस्थानाचे कारभारी दाजीबा पाटील महाराजांच्या उजव्या हातास बसले होते. मान आपल्या भाच्याकडे यावा, ही त्यांची जुनी इच्छा. लंगडत येणाऱ्या तुळाजीस पाहून ते म्हणाले, "काय रे तुळ्या, औंदा कावड तू नेणार, का तुलाच कावडीत घालून न्यायचा?"

मंडळी हसली. तुळाजी म्हणाला, "नाही म्हणतोय तो पाय, पाटील. मी कुठं नाही म्हणालोय?"

"पाय देवानं धरलाय, बाबा. मनात खोट असल्याशिवाय देव कुणाचा पाय धरत नाही."

महाराज तुळाजीस म्हणाले, "इकडे ये. पाय दाखव."

आणि काय आश्चर्य! सर्वांच्या देखत महाराजांनी तो बिब्ब्याने उतलेला पाय आपल्या मांडीवर घेतला. तळव्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. घोट्याच्या आतल्या हाडामागे, कड्याच्या काठाशी, त्यांनी एका बोटाने हलकेच टिचकी मारली.

"आई गं!" तुळाजी ओरडला. "अंगठ्यापर्यंत वीज चमकली, महाराज!"

"तर मग तळवा मेलेला नाही," महाराज म्हणाले. "या हाडाखालून एक अरुंद वाट जाते. त्या वाटेने एक शीर तळव्यास उतरते. तिच्यावर सूज दाटली आहे आणि सुजेवर हे कडे बसले आहे. पाटाच्या तोंडाशी धोंडा पडला की शेवटचा वाफा सुकतो. तुम्ही वाफ्याला चटके देत बसलात!"

"म्हणजे कडं काढायचं म्हणता?" दाजीबांचा आवाज चढला. "मग मान गेला त्याचा. दंडक आहे."

महाराज तुळाजीकडे वळले. "तू बोल. कडे ठेवलेस तर हा पाय जाईल. काढलेस तर गाव तुला मेला म्हणेल."

तुळाजीने त्या लोखंडाकडे पाहिले. वडिलांच्या पायातून ते निघाले तो दिवस त्याला आठवला. मग त्याने तोंड वर केले. "कावड कडं नेत नाही, महाराज, पाय नेतो. काढा. गाव काही म्हणो, द्वादशीला पाणी मीच चढवणार."

भिवा लोहारास बोलावले. तो हात जोडून मागे सरला. "देवाचं लोखंड आहे, महाराज. माझी छिन्नी चालायची नाही."

तेव्हा महाराजांनी भैरोबाचे स्मरण करून दोन्ही हातांनी कडे धरले; आणि ओली वेताची कांब उकलावी तसे ते उकलले! तुळाजीस ओरखडाही आला नाही.

"गंजलं असेल," दाजीबा म्हणाले.

भिवाने कडे उलटेसुलटे करून पाहिले. "गंज नाही, पाटील. चीरसुद्धा नाही."

दाजीबा तरीही नमले नाहीत. "बरं तर. न्यावी त्यानं कावड. पण वाटेत ती भुईला टेकली, तर मान माझ्या भाच्याचा."

"कबूल," तुळाजी म्हणाला.

येथे कोणास वाटेल की कडे निघताच पाय बरा झाला. तसे झाले नाही, आणि ते महाराजांनी स्वतःच सांगून ठेवले होते. दबलेली शीर सावकाश जागी होते; जागी होताना मुंग्या वाढतात, तेव्हा भिऊ नये. उकिडवे बसू नये. पाय उशीवर उंच ठेवावा; कोमट तेलाचा हात बोटांकडून वर फिरवावा. पाऊल आत कलू नये म्हणून वहाणेत लोकरीची घडी घालावी. तुळाजीने यांतले एकही टाळले नाही. मुंग्यांनी जीव नकोसा झाला, तरी तो पाय हलवीत राहिला. फाल्गुन सरता सरता त्यास टाचेखाली खडा टोचला आणि तो आनंदाने रडला. तळव्याचा पुढचा भाग मात्र अजून मुका होता.

द्वादशी उजाडली. अनवाणी पायांनी तुळाजीने कावड उचलली. तो कोठे टेकतो हे पाहण्यास दाजीबा मागोमाग निघाले. महाराजांचा मुक्काम अजून गावातच होता; ते मात्र धर्मशाळेतच बसून राहिले.

अर्धा डोंगर चढल्यावर उघडी उभी शिळा लागते. तेथे बोटांवर भार द्यावा लागतो. कावडीतून हिंदकळलेल्या पाण्याने तुळाजीची पावले भिजली होती. त्याने उजवा पाय टाकला. त्याखाली शिळा आहे की पोकळी, त्यास कळेना. खांद्यावर कावड डुलली.

"टेकव रे! जीव वाचव!" दाजीबा ओरडले. खरोखर भयाने ओरडले.

"नाही टेकवणार, पाटील." दात आवळून तुळाजी पुटपुटला, "महाराज, पाय तुमच्या हातात दिला होता. आता सांभाळा!"

आणि त्याच क्षणी मुक्या तळव्यास ऊब लागली. कोणी खालून हात द्यावा, तशी! बोटांस शिळेचा कण न् कण कळू लागला. तुळाजीने भार टाकला आणि तो वर गेला.

दाजीबा त्याच जागी पोचले नि खिळून राहिले. आजूबाजूस पावलांचे ओले ठसे होते. पण जेथे तुळाजीचा उजवा पाय पडला होता, तेथे पाऊल नव्हते. तेथे उताण्या हाताचा पंजा उमटला होता, पाचही बोटे पसरलेला! उन्हाने तो त्यांच्या डोळ्यांदेखत वाळून गेला.

देवास स्नान झाले. दाजीबा प्रसादासही थांबले नाहीत. डोंगर उतरून थेट धर्मशाळेत आले आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवून म्हणाले, "खोट माझ्या मनात होती, महाराज."

"मला काय सांगतोस?" महाराज म्हणाले. "ज्याला बोललास त्याला सांग."

तोवर तुळाजी मंडळींसह खाली पोचला होता. दाजीबांनी पागोटे काढले, सर्व गावासमक्ष त्यास नमस्कार केला आणि कारभारी या नात्याने निवाडा दिला:

"मान तुळाजीचा आहे. कडं यापुढं कुणाच्याही पायात ठोकायचं नाही."