खेमाचे हरकाचे शेत

वेणुकट नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी शेतमोजणीचे अमात्य होते. राजाचा गणक उत्तिय मोठा हुशार. त्याने महालाच्या अंगणात वाळूचे राज्य मांडले, एकेक शेत आखले आणि कोणत्या मातीत कोणते पीक जास्त फायद्याचे, ते ताडून पाहिले. उत्तर सगळीकडे एकच आले : कापूस.

"मग डोंगराकडचे लोक हरकासारखे हलके धान्य का पेरतात?" राजाने विचारले.

"अडाणी आहेत, महाराज," उत्तिय म्हणाला.

बोधिसत्त्व स्वतः विचारायला गेले. खेमा नावाची म्हातारी विधवा उतारावर हरीक पेरीत होती.

"आई, कापसात जास्त मिळेल, हे ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे, बाबा. पाऊस झाला तर मिळेल. नाही झाला तर नातीला काय कापूस खाऊ घालू? हरीक थोड्या पावसावरही येतो."

बोधिसत्त्वांनी हे दरबारात सांगितले. पण कापूस देऊन हवे तेवढे धान्य आणता येईल, असे उत्तियाने राजाच्या मनात भरवले होते. राजा म्हणाला, "उतारावरचा हरीक नांगरून टाका. एवढे करा, महाअमात्यपद तुमचे."

बोधिसत्त्वांनी मोजणीची दोरी राजापुढे ठेवली आणि ते खेमाच्या गावी जाऊन राहिले. हरीक दुसऱ्यांनी नांगरला.

पहिल्या वर्षी कापूस उदंड आला. दुसऱ्या वर्षी पाऊस पडला नाही, शेजारच्या राज्यांतही नाही. कोठारे कापसाने भरलेली होती. त्याच्या बदल्यात मूठभर धान्य द्यायला कोणी तयार नव्हते. बोधिसत्त्व रानातले कंद खणून घरोघर वाटीत. खेमा आपला वाटा नातीला देई आणि "माझे झाले" म्हणे. नात जगली. खेमा माघात गेली.

राजा गावात आला तेव्हा तिची चिता विझत होती.

"तुम्ही सांगितले होते," तो म्हणाला.

"एकदाच सांगितले, महाराज. तुम्ही ऐकले नाही, तसा निघून आलो. पुन्हा यायला हवे होते."

ज्याने त्याने मनाजोगते पेरावे, अशी दवंडी फिरली. पण गावात हरकाचे बी उरले नव्हते.

एवढी कथा भिक्षूंना सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे मागे बसलेला वृद्ध धम्मिक. गणक म्हणजे हा समोरचा भिक्षू सोणक. आज सकाळी याच्या पात्रात पेज वाढणारी म्हातारी, तीच खेमा. अमात्य मी होतो."

सोणकाचे डोळे भरून आले.

"ज्याच्या पोटाचा प्रश्न, त्याला आधी विचारावे, ही प्रज्ञा. त्या जन्मी ती माझ्याजवळ होती," शास्ता म्हणाले, "पण अपुरी होती."