बापूमामांची पारख

कोल्हापूरच्या बापूमामांना एकच गर्व होता. चेहरा बघितला की माणसाच्या आत काय आहे ते आपल्याला कळतं, असं ते सांगत. याच पारखेवर त्यांनी भाचा निनादसाठी आलेल्या दोन-तीन मुली नाकारल्या होत्या आणि घरात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

निनादचं आणि शलाकाचं मात्र आधीच जमलं होतं. दोघांनी मामा-मामींना आपल्या आवडत्या, साध्याशा चायनीज हॉटेलात नेलं. वेगवेगळी सारणं भरून उकडलेल्या डिमसमची वाफाळती टोपली टेबलावर आली, तोच मामांनी निकाल दिला, "मुलगी हट्टी आहे. कपाळावरच दिसतंय. हे लग्न नको."

निनादचा चेहरा उतरला. शलाकाने मात्र हसून टोपली पुढे सरकवली. "मामा, यातल्या एकात काय भरलंय ते नुसतं बघून सांगा. बरोबर आलं तर मी आत्ता उठून जाते."

"त्यात काय! कोबी," असं म्हणत मामांनी एक डिमसम निरखला आणि अख्खा तोंडात टाकला. आत लाल मिरचीचा ठेचा होता. मामांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

पाण्याचा ग्लास पुढे करत शलाका म्हणाली, "मामा, याचं आवरण कागदाइतकं पातळ होतं. माणसाची कातडी तर बरीच जाड असते."

मामा ठसकत ओरडले, "मुलगी तिखट आहे!"

"आयुष्यात पहिल्यांदा चाखून बोललात," मामी म्हणाल्या, "आता मुहूर्त काढा."