तांबटानं लपवलेलं खडप

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की तेव्हा माणसं ज्या खडकांवर बसायची, त्यांची आता वाळू झाली असेल. ऐका लेकरांनो. आणि मोठ्यांनो, तुम्हीही हातातलं काम जरा बाजूला ठेवा.

एका राजाच्या राज्यात, अगदी टोकाला, समुद्राकाठी एक गाव होतं. गावात कोळी होते, त्यांची मोठी गलबतं होती, मोठी जाळी होती. त्यांचं पोट समुद्रावर. पण त्याच गावात काही माणसं अशीही होती, की ज्यांचा धंदा जमिनीवर आणि जीव मात्र पाण्यात. कुणी तेली, कुणी कुंभार, कुणी सोनार. प्रत्येकानं आपली एक लहानशी होडी बाळगलेली, एका माणसापुरती. कामाला सुट्टी मिळाली की गळ, दोरी आणि पसाभर कोळंबी घेऊन मंडळी निघाली. मासा लागला तर हसत परत, नाही लागला तरी हसत परत.

कोळी त्यांना म्हणायचे, "आले बघा समुद्राचे जावई. काम नाही, धाम नाही, पण मान पाहिजे."

जावई हसायचे आणि होड्या लोटायचे.

आता या गावाची एक रीत होती. निघालेल्या माणसाला 'कुठं चाललास' म्हणून विचारू नये, हे तर तुम्हालाही ठाऊक आहे. विचारलं की काम बिघडतं. पण हौशी माणूस एकटा जातो. त्याच्याबरोबर ना खलाशी, ना जोडीदार. काही झालं तर त्याला शोधायचं कुठं? म्हणून जुन्या माणसांनी एक तोड काढली होती. किनाऱ्यावर एक सपाट कातळ होता. त्यात तीन खळगे कोरले होते. एक उत्तरेचा, एक समोरचा, एक दक्षिणेचा. जाणाऱ्यानं आपली खूण आपल्या दिशेच्या खळग्यात ठेवायची, परत आल्यावर उचलायची. कुंभार पणती ठेवी. सोनार गुंज ठेवी. कुणी कुणाला विचारायचं नाही, कुणी कुणाला सांगायचं नाही. कातळ सगळं सांगायचा.

तर या हौशी मंडळींत एक तांबट होता आणि एक कोष्टी होता. तांबट हंडे-कळशा ठोकायचा, कोष्टी माग चालवायचा. दोघं लहानपणापासूनचे मित्र. दोघांच्या होड्या शेजारी शेजारी ओढलेल्या असायच्या. तांबटाची खूण तांब्याची कडी, कोष्ट्याची खूण सुताची कांडी. दोन्ही एकाच खळग्यात पडायच्या.

पण एक होतं. कोष्ट्याच्या गळाला रावस लागायचा, आणि तांबटाच्या गळाला शेंगटी. रोज शेंगटी. काटेरी, मिशाळ, कुणाला नको असलेली.

कोष्टी होडीतून ओरडायचा, "अरे तांबटा, दिवसभर घण मारतोस. चांगले मासे बहिरे झाले तुझ्या बाजूचे. या शेंगट्याच तेवढ्या तुझ्या बोलावण्याला येतात."

तांबट म्हणायचा, "तू सूत धरून धरून बोटं बाईसारखी मऊ केलीस, म्हणून मासा तुला भुलतो."

दोघं हसायचे. घरी गेल्यावर तांबटाची बायको टोपलीत डोकावायची आणि म्हणायची, "आज पण याच बाई आल्या का?" तेव्हाही तो हसायचा. पण ते हसू ओठावरचं. आत कुठंतरी त्याला बोचत होतं. माणसाला दुसऱ्याचं सुख चालतं हो. आपल्या शेजारच्या होडीतलं मात्र चालत नाही.

एकदा काय झालं, कोष्ट्याला मागावर काम होतं आणि तांबट एकटाच गेला. वारा जरा ओढीचा होता. होडी दक्षिणेकडे वाहत गेली, टेकडीच्या नाकाला वळसा घालून पलीकडे. तिथं त्यानं सहज दोरी सोडली. आणि दोरीला असा हिसका बसला, की त्याचा तळहात कापला गेला.

तांबोशी होती ती. तांब्यासारखीच लाल, घागरीएवढी. एक काढली, दुसरी काढली. खाली पाण्यात मोठं खडप होतं, बुडालेला खडक, आणि त्याच्या कपारी मासळीनं भरलेल्या. तांबटानं मान वर करून जागा मनात धरली. टेकडीवरचं एकटं ताडाचं झाड खालच्या पांढऱ्या दरडीच्या बरोबर डोक्यावर आलं, की होडीखाली खडप.

त्या दिवशी किनाऱ्यावर गर्दी झाली. कोळणीसुद्धा तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. कोष्टी तर धावतच आला. त्यानं तांबोशी दोन्ही हातांनी उचलली, तिचं वजन बघितलं आणि म्हणाला, "गड्या, जन्माचं भाग्य उघडलं तुझं. कुठं लागली?"

परत आलेल्याला विचारायला हरकत नव्हती. पण तांबटाच्या जिभेवर काहीतरी आडवं आलं. तो म्हणाला, "लागली आपली. वाऱ्यानं कुठं नेलं, माझं मलाच कळलं नाही."

कोष्ट्यानं त्याच्याकडे बघितलं. मग हसून म्हणाला, "बरं, नको सांगूस. एवढ्या वर्षांनी एक घास मिळालाय, खा एकटा."

खरा मित्र होता. समजून घेतलं त्यानं.

पण आता तांबटापुढे पेच आला. पुढच्या खेपेला कडी कुठं ठेवायची? दक्षिणेच्या खळग्यात ठेवली, तर सगळ्या जावयांच्या होड्या माग काढत येतील. तो कातळापाशी उभा राहिला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि कडी उत्तरेच्या खळग्यात ठेवून दिली. मनाशी म्हणाला, मी तोंडानं कुठं खोटं बोललो? कडी आहे, पडली तिकडं.

मग होडी समोर लांबवर न्यायची, किनारा धुरकट झाला की हळूच दक्षिणेला वळायचं, असं त्याचं सुरू झालं. दर सुट्टीला टोपली भरून तांबोशी. बायको आता टोपलीत डोकावायची नाही, शेजारणींना बोलावून दाखवायची.

एक दिवस कोष्टी म्हणाला, "काल मी पण उत्तरेला होतो रे. तुझी कडी बघून म्हटलं, जाऊ गप्पा मारायला. तू दिसलाच नाहीस."

तांबट चटकन म्हणाला, "बेटाच्या मागं होतो."

उत्तरेला एक बेट होतं. त्याच्या मागं समुद्राच्या दोन ओढी एकमेकींना भिडतात. कोळीसुद्धा तिकडं जाळं टाकत नसत. कोष्ट्याचा चेहरा उतरला.

"तिथं नको जाऊस, तांबटा. तिथलं पाणी वाईट. लाल मासा खाऊन कंटाळला नाहीस का अजून? त्यापेक्षा शेंगट्या बऱ्या होत्या तुझ्या."

"मला आता तिथली सवय झालीय," तांबट म्हणाला.

त्या दिवसापासून कोष्ट्याला एक खोड लागली. स्वतः कितीही दमलेला असो, संध्याकाळी किनाऱ्यावर यायचं, उत्तरेचा खळगा बघायचा, कडी उचललेली दिसली की मग घरी जाऊन जेवायचं. तांबटाला हे माहीत होतं. त्याला त्याची थोडी गंमतच वाटायची.

आणि मग तो दिवस आला.

सकाळी समुद्र तेलासारखा पडून होता. तांबटानं कडी उत्तरेच्या खळग्यात टाकली आणि दक्षिणेचं खडप गाठलं. दुपार कलली तसा उत्तरेचा वारा उठला. वेळ नसताना, काळ नसताना. बघता बघता लाटा उभ्या राहिल्या. परत फिरायचं तर वारा तोंडावर. पण टेकडीच्या पलीकडे खडकांत आत शिरलेली एक खाचण होती, तिथं वारा शिरत नव्हता. तांबटानं होडी आत घेतली, वाळूवर ओढली. अंगाला ओरखडासुद्धा नाही.

तो टेकडी चढून वर गेला. वरून गाव दिसत होतं. त्याच्या मनात आलं, इथं जाळ केला तर गावाला दिसेल. कळेल त्यांना, मी सुखरूप आहे. त्यानं वाळकी लाकडं गोळा केली, रचलीसुद्धा. गारगोटी हातात घेतली.

आणि थांबला.

जाळ दक्षिणेच्या टेकडीवर दिसला, तर सगळ्यांना समजेल की हा दक्षिणेला होता. मग खडप गेलं. एका रात्रीचा तर प्रश्न आहे, तो म्हणाला. बायको थोडी काळजी करील. कोष्टी आज उशिरा जेवील. सकाळी बोलणी खाऊन घेऊ.

त्यानं ती लाकडं उचलून खाली खाचणीत आणली. दरडीच्या आड, कुणाला दिसणार नाही असा जाळ केला, त्यावर तांबोशी भाजली, पोटभर खाल्ली आणि झोपला. झोप लागली हो त्याला. चांगली लागली.

लेकरांनो, इकडे गावात काय झालं, ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी वारा पडला तसा तो निघाला. टेकडीच्या नाकाला वळसा घातला आणि किनारा दिसला. सगळं गाव पुळणीवर उभं होतं. बायका होत्या, म्हातारे होते. पण एकाचंही तोंड त्याच्याकडे नव्हतं. सगळे उत्तरेकडे बघत होते. त्याची होडी वाळूला लागली तरी कुणी वळलं नाही. मग त्याची बायको वळली. तिनं त्याला बघितलं, आणि धावत यायचं सोडून ती मटकन खाली बसली.

म्हातारा तांडेल, कोळ्यांचा म्होरक्या, पुढं आला. त्यानं तांबटाकडे बघितलं, मग त्याच्या होडीकडे, मग ती ज्या बाजूनं आली त्या बाजूकडे. टोपलीत तांबोशी होती.

"तू तिकडून आलास," तांडेल म्हणाला.

तांबटाची नजर गर्दीत कोष्ट्याला शोधू लागली.

"काल दिवेलागणीला तो आला. खळग्यात तुझी कडी बघितली. आम्ही सांगितलं, थांब, वारा पडू दे, पहाटे आम्हीच गलबत काढतो. तर म्हणाला, तोवर माझा तांबट बेटाच्या मागं कसा टिकेल? आम्ही हात धरला, तर हात सोडवून गेला."

"मग?" तांबटानं विचारलं.

"होडी सापडली. बेटाच्या खडकावर, पालथी."

समुद्रानं कोष्ट्याला परत दिलं नाही. सगळ्यांनी शोधलं. तांबट सगळ्यांत जास्त शोधत राहिला, बेटाच्या मागं, जिथं तो त्याआधी कधीही गेला नव्हता. तेव्हा त्याला दिसलं, ते पाणी कसं आहे.

मग तो कोष्ट्याच्या घरी गेला. माग तसाच होता, अर्धं लुगडं विणलेलं. कोष्ट्याची बायको उंबऱ्यात बसली होती. तांबटानं तिच्यापुढं सगळं सांगितलं. कडीचं सांगितलं, बेटाचं सांगितलं. टेकडीवर रचून मोडलेल्या लाकडांचंही सांगितलं. ते सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.

ती शिव्या देईल असं त्याला वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "भावोजी, ते निघाले तेव्हा मला विचारलं होतं त्यांनी, जाऊ का म्हणून. मीच म्हटलं, तुमचा मित्र आहे, जा."

एवढंच.

तांबटानं खडपाची जागा साऱ्या गावाला दाखवली. ताड दाखवला, दरड दाखवली. हौशी मंडळी तिथं जायला लागली, कोळीही जाऊ लागले. मासळी तिथं अमाप होती. सगळ्यांना पुरून उरेल एवढी. एकट्यानं लपवावी अशी तिथं गोष्टच नव्हती.

त्यानं पुन्हा गळ धरला नाही. कोष्ट्याच्या घरी लाकूडफाटा आणायचा, पाणी भरायचा, गळकं छप्पर शाकारायचा. ती माउली त्याला नको म्हणायची नाही, की बस म्हणायची नाही. गावानंही त्याला टाकलं नाही. त्याची भांडी विकत घ्यायचे, हसून बोलायचे. फक्त एक बदललं होतं.

एका दुपारी तो तिच्या दारावरून चालला होता. अंगणात तिनं वर्षभराचे मासे वाळत घातले होते. मागं डोंगराआड आभाळ काळं झालेलं त्यानं बघितलं.

तो म्हणाला, "वहिनी, पाऊस येतोय. वाळवण आत घ्या."

तिनं मान वर केली. तिच्या अंगणातून डोंगर दिसत नव्हता. वरचं आभाळ निळं होतं. तिनं तांबटाकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, काहीच नव्हतं. ती उठली, पदर सावरला आणि कुंपणापाशी जाऊन शेजारणीला म्हणाली, "अगं, जरा तुझ्या परसातून बघून सांग ना, पाऊस खरंच आलाय का?"

शेजारीण बघायला गेली. तांबट तिथंच उभा राहिला. शेजारीण धावत येऊन "आला, आला" म्हणेपर्यंत पहिले थेंब पडले होते, आणि निम्मे मासे भिजले होते. तांबट पुढं झाला आणि तिच्याबरोबर गुमान वाळवण गोळा करू लागला.

तर लेकरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपलं खोटं परक्याला लागत नाही, ज्याचा आपल्यावर पुरा भरवसा असतो त्यालाच ते बुडवतं.