पाच नौका, एक वाटाड्या

कार्तिक शुद्ध पंचमी. आकाश निरभ्र, वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. शूर्पारक बंदरातून पाच नौका निघायच्या होत्या. त्या काळी बोधिसत्त्व त्या नगरात व्यापारी होऊन जन्मले होते आणि पाचही नौका त्यांच्या व त्यांचा भागीदार धनपाल याच्या मालकीच्या होत्या.

चापा नावाची विधवा कुंभारीण पाचशे रांजण घेऊन धक्क्यावर आली. ती दोन वर्षांची मेहनत होती. ज्या नदीकाठच्या जमिनीतून ती माती काढी, ती जमीन मालक चैत्रात विकणार होता. किंमत शंभर कार्षापण. वीटवाल्यांचाही त्या जमिनीवर डोळा होता. माती गेली की चापाचे चाक थांबणार होते.

समुद्रापार रांजणाला एक कार्षापण मिळे, घाटावर भाडे वजा जाता अर्धा. चापाने प्रत्येक नौकेत शंभर रांजण चढवायला सांगितले. बोधिसत्त्वांनी कारण विचारले.

ती हसून म्हणाली, "शेठ, एक बुडाली तरी चार राहतील. एवढा हिशेब कुंभारणीलाही येतो."

त्या बंदराची रीत अशी होती की खडकांची वाट एकाच वाटाड्याला ठाऊक, म्हणून सगळ्या नौका त्याच्याच पताकेमागे जात. बोधिसत्त्वांनी तिला विचारले,

"बाई, तुम्ही रांजण भाजायला पाच आवे लावलेत आणि पाचही एकाच ओल्या मोळीवर पेटवलेत, तर किती भाजतील?"

चापा म्हणाली, "एकही नाही."

बोधिसत्त्वांनी सुचवले की दोनशे रांजण नौकांत द्यावेत, दोनशे घाटावर जाणाऱ्या गाड्यांत. नफा कमी मिळेल, पण गाड्यांची वाट वेगळी, वाटाड्या वेगळा. उरलेले शंभर घरीच ठेवून गावच्या बाजारात लागतील तसे विकावेत, कारण घाटाचा पैसा दोन महिन्यांनी येईल, समुद्राचा चार महिन्यांनी, आणि चूल रोज पेटवावी लागते. चापाने तसेच केले.

धनपालने त्यांना बाजूला घेतले. "भाडे आपणहून चालत आले, तर तुम्ही त्याला घाटाची वाट दाखवता. उद्या नौकाही वाटून टाका."

"नौका आपल्या आहेत," बोधिसत्त्व म्हणाले, "रांजण तिचे आहेत." त्यांनी आपलाही काही माल गाड्यांत भरला. धनपालने आपला सगळा नौकांतच ठेवला.

माघात वाटाड्याची नौका धुक्यात खडकावर चढली. मागच्या चारही तिच्याच मागे गेल्या. माणसे पोहून किनाऱ्याला लागली, माल सगळा गेला. गाड्या मात्र त्याआधीच परतल्या होत्या. चापाला त्यातून शंभर कार्षापण मिळाले होते आणि चैत्रात जमीन तिची झाली.

ही कथा एवढी सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. समोर इसिदासी नावाची उपासिका बसली होती. तिने धान्याच्या तीन कोठ्या एकाच छपराखाली बांधल्या होत्या, आणि आता चिंता मिटली असे ती सर्वांना सांगत असे. शास्ते म्हणाले, "तेव्हाची चापा ही इसिदासी. धनपाल म्हणजे कोठ्या एकाच छपराखाली बांधण्याचा सल्ला तिला देणारा तिचा दीर. तो व्यापारी मी होतो. त्या जन्मी मी प्रज्ञेची पारमिता, म्हणजे परिपूर्णता, आचरली."

दुसऱ्या दिवशी इसिदासीने एक कोठी भावाच्या अंगणात हलवली. धान्य वाहून न्यायला दिराने दोन बैल दिले.