समुद्रराणीवरची लांबलेली संध्याकाळ

आटपाट समुद्र होता. त्या समुद्रावर समुद्रराणी नावाचं सात मजली पांढरंशुभ्र जहाज होतं. वरच्या मजल्यावर निळंनिळं पोहण्याचं तळं होतं, मधल्या मजल्यावर आइस्क्रीमची गुलाबी गाडी होती, आणि तळमजल्यावर, जिथे खिडकीसुद्धा नव्हती, तिथे सुरंगी एकटी बसली होती.

सुरंगी आठ वर्षांची. वेंगुर्ल्याजवळच्या एका लहानशा गावात ती मामीकडे राहायची. बाबा नव्हते. आई जहाजावर कामाला होती, आणि एकदा गेली की आठ-आठ महिने घरी यायची नाही. जहाजावरच्या कामकऱ्यांना वर्षातून एकदा आपलं मूल पाच दिवस सोबत आणता यायचं. या वर्षी सुरंगीची पाळी आली तेव्हा तिने गावभर नाचून सांगितलं. आईला सांगायच्या गोष्टी तिने केव्हापासून मनात साठवून ठेवल्या होत्या. पुढचे दोन दात पडले ते, विहिरीमागे मांजरीला तीन पिल्लं झाली ते, धावण्याच्या शर्यतीत तिसरी आली ते, आणि तापाने फणफणली होती त्या रात्री मामीला न कळू देता रडली तेही.

पण सांगणार कधी? आई सकाळी आठला जायची ती रात्री दहाला यायची. तोवर सुरंगीचे डोळे मिटलेले असायचे. आई तिच्या केसांवरून हात फिरवून हळूच विचारायची, “काय गो बाय, जेवलस?” आणि सुरंगी झोपेतच मान हलवायची. झालं, एवढंच बोलणं!

आईचं काम काय, तर मुलांशी खेळायचं. आता बोला! चौथ्या मजल्यावर काचेच्या भिंतींचं एक खेळघर होतं. त्याचं नाव चिमणघर. प्रवाशांची मुलं मनगटाला पिवळा पट्टा बांधून तिथे यायची. आई त्यांना कागदाच्या होड्या शिकवायची, मुखवटे रंगवून द्यायची, ससा होऊन उड्या मारायची. सुरंगीच्या हातात पट्टा नव्हता, म्हणून ती बाहेर उभी राहायची. काचेतून आई हसताना दिसायची, पण हसणं ऐकू यायचं नाही. मग ती मागच्या डेकवर जाऊन बसायची.

तिथे निळ्या कुंडीत तगरीचं एक केविलवाणं रोप होतं. खाऱ्या वाऱ्याने पानं करपलेली, माती खडखडीत. सुरंगी रोज आपल्या बाटलीतलं अर्धं पाणी त्याला घालायची. “तुझंही इथे कुणी नाही ना?” असं विचारायची आणि त्याच्याजवळ बसून राहायची.

पाचव्या दिवशी दुपारी तगरीला इवलीशी कळी आली. सुरंगी वाकून बघते तो काय, कळी उमलली आणि आतून बोटभर उंचीची एक परी जांभई देत बाहेर आली! मोतिया रंगाचे चिमुकले पंख, चंदेरी झगा, आणि पायांत मोहरीएवढ्या घुंगरांचे रुणझुणते पैंजण.

“अगं बाई, समुद्र आहे होय इथे!” परी कुंडीच्या काठाला घट्ट धरत म्हणाली. “मातीबरोबर मलाही आणून ठेवलं मेल्यांनी. चार महिने तहानेने निजून होते. पाणी तू घातलंस ना? मग माग. तीन इच्छा तुझ्या.”

सुरंगी कुंडीशी आणखी वाकली.

“पण नियम ऐक हं,” परीने इवलंसं बोट उगारलं. “एक, बोललेली इच्छा परत घेता येत नाही. दोन, कुणाचं मन मला फिरवता येत नाही, ते ज्याचं त्याचं. आणि तीन, सूर्य पाण्याला टेकला की माझी जादू संपली.”

उद्या सकाळी जहाज बंदराला लागणार होतं. सुरंगी गावाला जाणार होती, आणि आई पुन्हा आठ महिने समुद्रावर. सुरंगीने फार विचार केला नाही. “मला चिमणघरात जाऊ दे,” ती म्हणाली.

मनगटावर पिवळा पट्टा चमचमला. ती चौथ्या मजल्यावर पोहोचताच चिमणघराचं दार उघडलं. आत रंगांचा नुसता सडा पडला होता, आणि मधोमध आई! सुरंगी धावत सुटली आणि ओरडली, “आई!”

सगळी मुलं खो-खो हसली. “ताईला आई म्हणाली! ताईला आई म्हणाली!” शाळेत चुकून बाईंना आई म्हटलं की वर्ग हसतो ना, तसं. चिमणघरात सगळ्यांनी ताईच म्हणायचं, आणि ताईने सगळ्यांना सारखंच वागवायचं, असा तिथला दंडक होता. आईचा चेहरा क्षणभर कसनुसा झाला. तिने सुरंगीला इतर मुलांसारखीच रांगेत बसवली, इतरांसारखाच एक कागद दिला. फक्त कागद देताना तिचं बोट सुरंगीच्या बोटावर जरा रेंगाळलं.

सुरंगीने होडी केली. “ताई, झाली माझी,” ती म्हणाली. बाहेर उभं राहण्यापेक्षा हे आत बसणंच जास्त एकटं होतं. ती पाय न वाजवता उठली आणि कुंडीपाशी आली.

“चुकलीस का गं?” परीने विचारलं.

“चुकले,” सुरंगी म्हणाली. “मला सगळ्यांची ताई नकोय. माझी आई हवीय.”

दर फेरीच्या शेवटच्या दिवशी चिमणघरात आई-बाबांसोबत खजिना शोधायचा खेळ असे. खेळ संपला की आई-बाबा वहीत सही करत आणि आपापलं मूल घेऊन जात. शेवटचं मूल जाईपर्यंत ताईने उंबरठा ओलांडायचा नाही. मात्र ते गेलं की रात्रीच्या जेवणाची घंटा होईपर्यंत ताईला सुट्टी. हे सुरंगीला ठाऊक होतं.

“चिमणघर लवकर रिकामं होऊ दे,” तिने दुसरी इच्छा सांगितली.

परीने पंख झटकले. कुठून कुठून आई-बाबा येऊ लागले, कुणी ओल्या केसांनी, कुणी हातात भेळेचा द्रोण घेऊन. खजिन्याच्या चिठ्ठ्या मुलांना पटापट सापडल्या. सोनेरी कागदातली चॉकलेटं वाटून झाली, सह्या झाल्या, बापलेक, मायलेकी हातात हात घालून आइस्क्रीमच्या गाडीकडे पळाले. परीला खांद्यावर घेऊन सुरंगी पुन्हा चिमणघराच्या काचेला नाक लावून एकेक मूल मोजत होती. आता सगळी गेली, असं म्हणते तो टेबलाखाली एक मुलगा दिसला.

तो विहंग होता. सहा वर्षांचा, फक्त वडिलांबरोबर आलेला. त्याची चिठ्ठी अजून घडी घातलेलीच होती.

“याचे बाबा का नाही आले?” सुरंगीने विचारलं.

“ते वर खुर्चीत दोन-दोन फोन घेऊन बसलेत,” परी म्हणाली. “मन फिरवता येत नाही, सांगितलं होतं ना? पण सुरंगी, सूर्य बघ कुठे आलाय! एक इच्छा आहे अजून. नुसतं माग, आत्ताच्या आत्ता तुझ्या आईला उचलून तुझ्याजवळ आणून ठेवते.”

सूर्य पाण्यापासून जेमतेम वीतभर वर होता. सुरंगीने तोंड उघडलं. तेवढ्यात दाराच्या फटीतून विहंगचा आवाज आला.

“ताई, माझे बाबा कामात असतात,” तो आईला समजावत होता. “मला काही वाटत नाही.”

सुरंगीला भडभडून आलं. हेच वाक्य ती गावात सगळ्यांना सांगत असे, आणि ते किती खोटं असतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? आई उचलून आणली तर तो तिथे अगदी एकटा राहील. काचेच्या आतून कुणाला ऐकूही जाणार नाही.

“परीताई,” ती डोळे पुसत म्हणाली, “त्याच्या बाबांचं मन फिरवू नकोस. पण याची हाक तेवढी त्यांच्या कानात घाल.”

“तुझी शेवटची इच्छा आहे ही. परत मिळायची नाही.”

“माहितीये.”

टेबलाखाली विहंगने गुडघ्यांत तोंड खुपसून अगदी हळू म्हटलं, “बाबा.” आणि तीन मजले वर, एवढ्या गाण्याबजावण्यात, एका माणसाच्या कानाशी ती हाक जशीच्या तशी उतरली. माणूस दचकला. एक फोन वाजत होता. परीने श्वास रोखला, कारण पुढचं तिच्याही हातात नव्हतं.

त्याने दोन्ही फोन खुर्चीत टाकले आणि अनवाणीच जिने उतरत पळत सुटला.

विहंगने बाबांच्या गळ्याला मिठी मारली. बाबांनी सही केली ती धड कुणाला वाचता येण्यासारखी नव्हती. आईने वही मिटली, पण तोवर सूर्य पाण्याला टेकायला आला होता आणि खालून रात्रीच्या जेवणाची घंटा वाजायच्या बेतात होती. सुरंगी परत कुंडीपाशी येऊन बसली आणि तिने मान खाली घातली. आता काही उरलं नव्हतं.

“वर बघ, वेडाबाई,” परी म्हणाली. तिचे पंख लखलखत होते. “तुझ्या इच्छा संपल्या. पण माझा उजेड माझा आहे, तो मी कुणालाही देईन.”

“आणि तू?”

“मी? मी तर आता सगळीकडेच असेन.”

परी उंच उडाली, गिरकी घेतली आणि फुटली. केशरी, गुलाबी, सोनेरी, अंजिरी उजेड आभाळभर सांडला. सूर्य पाण्याच्या काठावर थबकून राहिला. जहाजावरची सगळी घड्याळं साडेसहावर थांबली, स्वयंपाकी हात पुसत डेकवर आले आणि घंटा वाजवणारा घंटा वाजवायची विसरला.

आई लेकीला शोधत धावत मागच्या डेकवर आली. तिने सुरंगीला मांडीवर ओढून घेतलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं.

“आज आई म्हणालंस, आणि माका ओ देता येवक नाय,” ती रडत म्हणाली. मग डोळे पुसून तिने लेकीची हनुवटी वर केली. “आता सांग बगया. सगळां सांग. पयल्यापासून.”

सुरंगीने सांगायला सुरुवात केली. दात सांगितले, पिल्लं सांगितली, शर्यत सांगितली. तापाची ती रात्र सांगताना ती थांबली, आई नुसती थोपटत राहिली, आणि मग तिने तीही सांगितली. सांगता सांगता आठ महिन्यांच्या गोष्टी संपल्या. सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा दोघी एकमेकींना बिलगून बसल्या.

मग कुठे सूर्य पाण्यात उतरला.