शिवराईची ताई

फार वर्षांपूर्वी, पुस्तकांच्या दुकानामागच्या चिंचेवर राहणाऱ्या खारुताईला तांब्याची एक जुनी शिवराई सापडली आणि नाणी जमवायचा नादच लागला.

"नाण्यांचं सगळ्यात जाड पुस्तक द्या," तिने दुकानातल्या म्हाताऱ्या पालीला सांगितलं.

"आधी हे पातळ बघ गं, आपल्याकडच्या नाण्यांचं आहे."

खारुताईने जाडच पुस्तक ओढत नेलं. त्यात जगभरची नाणी लखलखत होती. शिवराई मात्र कुठेच नव्हती.

"तू काळी आहेस ना, म्हणून!" हिरमुसलेल्या खारुताईने घासायला चिंच उचलली.

"नको गं," शिवराई कळवळली, "उरलीसुरली अक्षरंही जातील माझी."

खारुताईचा हात थांबला. ती मुकाट्याने पातळ पुस्तक घेऊन आली. त्यातल्या एका चित्रातलं नाणं तसंच काळं, झिजलेलं होतं.

शिवराई हरखली. "अगं, ही तर माझी ताई!"